हात बसला

बायकोचा उजवा हात मोडला आणि नुकतेच निवृत्त झालेले फोरमनसाहेब स्वयंपाकघरात शिरले. पहिल्या दिवशी भात करपला, तिसऱ्या दिवशी बोट कापलं. पण नवव्या दिवशी लेक-जावई आले, तेव्हा चौघांचं जेवण त्यांनी एकट्याने रांधलं आणि गरम गरम वाढलंसुद्धा.

"बाबा, कमाल केलीत!" लेक म्हणाली. जावयाने दोनदा भाजी मागून घेतली.

"त्यात काय एवढं? आठ दिवसांत हात बसला," साहेब खुशीत म्हणाले आणि बायकोकडे वळले. "तू का गप्प? मीठ कमी पडलं का?"

"नाही हो, मीठ अगदी बरोबर आहे." तिने डाव्या हातातला चमचा ताटात ठेवला. "मला इस्पितळात नर्सची नोकरी लागली, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, 'मला जन्मात स्वयंपाक जमायचा नाही, पोर उपाशी मरेल.' म्हणून मी नेमणुकीचं पत्र फाडलं."

"अगं, तीस वर्षं झाली त्याला!"

"हो ना," ती म्हणाली. "रुजू व्हायला आठ दिवस मागून घ्यावेत, हे मला सुचलंच नाही."