तेराव्यानंतरचे पोहे

चौथ्या भागात तेराव्यासकट आटोपलेल्या इंदूकाकू एकतिसाव्या भागात खुशाल पोहे परतत होत्या! कथेचा भाग ॲपवर टाकून नीलाक्षी कणीक मळायला बसली, तेव्हा हे तिच्या ध्यानात आलं आणि तोंडचं पाणीच पळालं.

रोज नवा भाग मागणारे दोन हजार वाचक आता सालटी काढणार! कणकेच्या बोटांनीच तिने प्रतिक्रिया उघडल्या.

“काकूंना मृत ठरवणारा डॉक्टर नवव्या भागात तोतया निघाला, विसरलात?”

“मग जाळलं कुणाला?”

“जुळ्या बहिणीला!”

त्याखाली फोंड्याच्या खांडेपारकरबाईंनी, म्हणजे सगळ्यांत खाष्ट वाचकाने, दरडावलं होतं, “रोज भाग हवा म्हणून पोरीच्या मागे आपणच लागलो. चूक आपल्या सगळ्यांची, आपणच निस्तरू. जुळी बहीण कुणाला पटली नसेल, तर मला सांगा.”

खाली तीनशे जणांनी लिहिलं होतं, “पटली!”

नीलाक्षी हसता हसता भिंतीला टेकली. मग परात बाजूला सारून तिने बत्तिसावा भाग सुरू केला: ‘पोह्यांवर झाकण ठेवत इंदूकाकू कडाडल्या, “माझं तेरावं जेवायची एवढी घाई कुणाला झाली होती?”’