फॅलनांचं घर

पायाची पट्टी बांधून होताच यूजीनने वृंदाचं मनगट धरलं.

"एक पत्र लिहून देशील? माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही."

वृंदा स्लायगोहून आठवड्यातून दोनदा इथे यायची. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायच्या, ही तिची नोकरी. यूजीन केरिगन सत्त्याऐंशी वर्षांचा, एकटा. घर लायट्रिम परगण्यातल्या डोंगराखाली, उत्तरेकडच्या ब्रिटिश सरहद्दीपासून चार मैलांवर. रुग्णांच्या घरगुती भानगडीत पडायचं नाही, असा ऑफिसचा नियम होता. तिने घड्याळ पाहिलं, मग वहीचं पान फाडलं.

"कुणाला लिहायचंय?"

"नोरा फॅलनला."

वृंदा थांबली. पलीकडच्या उतारावरचं ते घर तिला माहीत होतं. गावात त्या घराचं नाव कुणी काढत नसे. 'खबऱ्यांचं घर' म्हणत, तेही आवाज खाली करून.

"गावातल्या कुणाला का नाही सांगत?"

"इथला प्रत्येक जण कुणाचा तरी नातू आहे. तू कुणाचीच नाहीस."

हे तिला लागलं. पण तिने पेन उघडलं.

यूजीन सांगत गेला. एकोणीसशे तेवीसचा फेब्रुवारी. इंग्रज गेले होते आणि त्यांच्याशी झालेल्या तहावरून आयरिश माणसंच एकमेकांवर बंदुका रोखून उभी होती. तह न मानणारी चार पोरं वरच्या डोंगरात जमीन खोदून लपली होती. अधूनमधून खाली उतरायची, रस्त्यावर सरकारी सैन्यावर गोळ्या झाडायची, पुन्हा गायब व्हायची. एका दुपारी सैनिक नेमके त्या खड्ड्यापाशी पोचले. चौघांनाही तिथेच संपवलं. त्यातला मायकल हा यूजीनचा काका. एकोणीस वर्षांचा.

"खबर कुणी दिली? फॅलनांचा एक पुतण्या सरकारी सैन्यात होता. गावाला तेवढं पुरलं. तेव्हापासून त्यांच्याशी कुणी व्यवहार केला नाही. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसलं नाही. नोराचा मुलगा गेला तेव्हा शवपेटी उचलायला या गावातला एकही खांदा पुढे आला नाही. मीही गेलो नाही. या खिडकीतून बघत राहिलो."

वृंदा लिहीत होती. त्याने दाराकडे तोंड वळवलं.

"लहानपणी दारावर कुणीही थाप मारली की माझी आजी चुलीपासून उठायची आणि विचारायची, डॉक्टर आला का? आम्ही पोरं हसायचो. वाटायचं, म्हातारी भ्रमिष्ट झाली."

"मग?"

"मायकलला न्यूमोनिया झाला होता. त्या खड्ड्यात तो तापाने फणफणत होता. आजी स्वतः गावातल्या सरकारी सैन्याच्या छावणीत गेली. म्हणाली, माझ्या पोराला धरा, तुरुंगात टाका, पण आधी डॉक्टर पाठवा. अधिकारी म्हणाला, पाठवतो. जागा तिनेच सांगितली."

बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. यूजीनचा आवाज अगदी बारीक झाला.

"आजीने मरताना हे माझ्या वडिलांना सांगितलं. वडिलांनी मरताना मला. त्यालाही चाळीस वर्षं झाली. आता दार वाजलं की मलाच तिचा आवाज ऐकू येतो. तू आलीस तरी येतो. लिही, नोरा, खबर आमच्या घरातून गेली."

त्याने चाचपडत सही केली.

पाच मिनिटांनी वृंदा फॅलनांच्या अंगणात गाडी उभी करत होती. नोरा ऐंशीच्या पुढची, ताठ, हातांना पीठ लागलेलं. अनोळखी बाई दारात पाहून ती आधी दचकली. शेजाऱ्याचं पत्र आहे म्हटल्यावर तिने हात धुतले, चष्मा लावला आणि उभ्यानेच पत्र वाचलं. वृंदाला वाटलं, आता ती किंचाळेल. नाहीतर पत्र चुलीत टाकेल.

नोराने पत्राची घडी घातली. खुंटीवरचा कोट काढला.

"तुझ्या गाडीतून मला त्याच्याकडे नेशील? चढ चालवत नाही आता."

गाडी उतारावरून निघाली. नोरा समोर बघत होती. वृंदाला राहवलं नाही.

"तुम्हाला धक्का नाही बसला?"

"कशाचा? त्या दिवशी यूजीनच्या आजीला घोडागाडीत बसवून छावणीत माझ्याच आजोबांनी नेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या पाया पडली, म्हणाली, माझ्या धाकट्याला, म्हणजे यूजीनच्या वडिलांना, कधी कळू देऊ नका. आजोबांनी शब्द दिला. आम्ही तो मोडला नाही, एवढंच."