दोन पिशव्या

देवराम सरांनी कोकिळाच्या दोन्ही पोटऱ्यांना काळे पट्टे बांधले आणि म्हणाले, "आता पळ. पाय कसा पडतो ते हे सांगतील."

शेजारी शोभाच्या पायांनाही तसेच पट्टे होते. पण कोकिळाची नजर होती ती शोभाच्या बुटांवर. नवेकोरे बूट! बापाचं बुधवारा बाजारात कापडाचं दुकान, आणि आई रोज सकाळी लेकीच्या पोटऱ्यांना हळद-तेल चोळून देणारी. कोकिळाची आई या वेळी केळीचे घड वाहत असणार. तिच्या स्वतःच्या बुटाला सुतळीचे टाके होते. शोभा दिसली की कोकिळाचा नुसता जळफळाट व्हायचा.

हे पट्टे खरं मोजतात का, एवढंच इंदूरहून आलेल्या वंदना मॅडमना तपासायचं होतं. त्यासाठी त्यांनी मैदानाच्या कडेला कॅमेराही लावला होता. पण पुढच्या चाचण्यांसाठी दोघींपैकी एकीला त्या भोपाळला नेणार होत्या. हॉस्टेल, जेवण, मोठे कोच, सगळं फुकट. जिची पावलं जास्त एकसारखी पडतील, ती जाणार.

दोघी चारशे मीटर पळाल्या. शोभा नेहमीसारखी दोन हात पुढे. पट्टे सोडून दोघींनी आपापल्या नावाच्या पिशवीत ठेवले. सर आणि मॅडम कॅमेरा उतरवायला गेले.

कोकिळा तोंड धुऊन आली, तेव्हा पिशव्यांपाशी शोभा एकटीच होती. कोकिळाला पाहताच ती लगबगीनं नळाकडे निघून गेली.

अशी संधी पुन्हा कुठली यायला? कोकिळानं आपल्या पिशवीत हात घातला, पट्टे काढून शोभाच्या पिशवीत टाकले आणि तिथले आपल्या पिशवीत. बोटं पिवळी झाली होती, ती तिनं घाईघाईनं पँटला पुसली.

तासाभरानं मॅडमनी लॅपटॉपवरून मान वर काढली.

"पट्टे एकदम पक्के निघाले. कॅमेऱ्याशी पावलागणिक जुळतात. आणि कोकिळा, तुझी पावलं फार छान पडतात. भोपाळला तू चल."

कोकिळाला आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात शोभानं पायातले बूट काढून तिच्यापुढे ठेवले.

"घे. तुले लागतीन भोपाळले. फाटके घालून नको जाऊ."

मान काही तिनं वर केली नाही. हिनं दोन शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं, असं कोकिळाला वाटलं. वर्षभर जिच्यावर जळले, तिनंच बूट द्यावेत! तिला स्वतःची लाज वाटली.

"सर, मी पट्टे बदलले. ते पाय शोभाचे हायेत. तिलेच पाठवा."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी कागदावरचं कोकिळाचं नाव खोडलं आणि खाली शोभाचं लिहिलं.

"तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, कोकिळे."

मॅडम मात्र अजून पडद्याकडेच पाहत होत्या. "थांबा सर. पट्टे बदलले असते तर कॅमेऱ्याशी जुळलेच नसते. हे पाय कोकिळाचेच आहेत."

शोभा अनवाणी उभी होती.

"सर," ती हळूच म्हणाली, "मी बी बदलले होते. तिच्या आधी. तिले जाता यावं म्हून."