कुपीचा नकार

अंगणवाडीत कल्याणी सिस्टरने नियमाप्रमाणे गोवराच्या लसीची कुपी बाळाच्या आईच्याच हातात दिली. सुगंधाने कुपीला विचारलं, "माझ्या बाळाला चालशील ना?"

"नको," कुपी म्हणाली. "येताना मी गाडीत तापले. आता माझा उपयोग नाही."

बाकीच्या आया एकमेकींकडे बघू लागल्या. सिस्टरचा चेहरा पडला. आता सगळ्या उठून जाणार, हे तिला दिसत होतं.

पहिल्या लेकराच्या वेळी लसीचं नाव काढताच दार लावून घेणारी सुगंधा मात्र जागची हलली नाही.

"दुसरी मागवा, सिस्टर," ती म्हणाली. "ही स्वतःहून नको म्हणते. मग दुसरी हो म्हणेल, तेव्हा खरंच म्हणेल."

बाळाची वर केलेली बाही तिने तशीच ठेवली.