शेजारच्या घरातलं बटण

भल्या पहाटे नळाला पाणी आलं आणि तिसऱ्या मजल्यावर कुणाची तरी पाणी ओढायची मोटार घरघरू लागली. हितेंद्र तोंडातल्या ब्रशसकट गॅलरीत धावला. महिनाभराची शिस्त मोडली होती. आता उद्यापासून जो तो पुन्हा मोटार लावणार.

तसे लालबागच्या या चाळीत सगळेच शहाणे. आपण मोटार बंद ठेवली आणि शेजाऱ्याने लावली, तर आपला नळ कोरडा. त्यानेही बंद ठेवली, तर आपण लावून त्याच्या वाटचंही ओढावं. कसंही बघा, लावण्यातच फायदा. हा हिशोब प्रत्येक खोलीने केला. मग सगळ्या मोटारी ऊर फुटेस्तोवर ओढायच्या, पाणी तेवढंच, आणि कोपऱ्यातल्या खोल्यांना नुसती हवा. गणपतीसमोर शपथा झाल्या, त्या दुसऱ्या सकाळपर्यंत टिकल्या नाहीत.

शेवटी मालनकाकीने तोड काढली. वायर ओढून प्रत्येकाच्या मोटारीचं बटण दुसऱ्याच्या घरात बसवायचं. हितेंद्र म्हणाला, चालेल, माझं सुशांतकडे द्या, दोस्त आहे आपला.

"मेल्या, दोस्ताकडे दिलं तर दोघं मिळून दोन्ही चालू कराल," काकी म्हणाली. "ज्याच्याशी वाकडं, त्याच्याकडे द्यायचं."

आणि तिने स्वतःचं बटण कालिंदीमामीकडे दिलं. दोघींचा अबोला चाळीला तोंडपाठ होता. बाईच्या अकलेला हितेंद्रने तेव्हाच मनातल्या मनात हात जोडले होते. त्यानंतर एकही मोटार वाजली नाही आणि कोपऱ्यातही पाणी पोचू लागलं.

आज वाजत होती ती खुद्द काकीची. म्हणजे बटण दाबलं होतं कालिंदीमामीने. हितेंद्रचा विश्वास बसेना. लोक तावातावाने तिच्या दाराशी जमले. दार सताड उघडं होतं आणि मामी बटणापाशीच उभी होती.

"तिची लेक काल बाळाला घेऊन आलीय. ओली बाळंतीण आहे, पाणी जास्त लागणार," मामी म्हणाली. "तिने मागितलं नाही, मागणारही नाही. कुणाला काय बोलायचंय ते मला बोला."

जमलेले एकेक करून आपापल्या घरी वळले. हितेंद्र घरात आला. आईने नळाखाली बादली लावली होती, अर्धीसुद्धा भरली नव्हती. त्याने हात लांब करून नळ बंद केला. भिंतीपलीकडे सुशांतचा नळ बंद झाल्याचं ऐकू आलं, मग त्याच्याही पलीकडचा.