समोरचं दुकान

"समोरच्या दुकानात म्हणाले, हा गेला, आता नवाच घ्या," असं म्हणत मास्तरीणबाईंनी फोन काउंटरवर ठेवला.

रेडिओवाल्यांनी तो उचलला, आडवा धरला आणि एक डोळा मिटून पाहिला. पाठ जराशी फुगली होती. म्हणजे गेली होती ती बॅटरी, फोन नव्हे. "अर्धा तास बसा," ते म्हणाले आणि त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. गेल्या दहा दिवसांत त्या स्टुलावर कुणीच बसलं नव्हतं.

रेडिओ जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण लोक अजून त्यांना रेडिओवालेच म्हणत. फोनच्या पाठीवर गरम हवेचा झोत धरून ते बोलू लागले. हात चालू लागले की त्यांचं तोंडही चालायचं. पूर्वी रेडिओची पाठ काढली की आतल्या बाजूला त्याचा नकाशा चिकटवलेला असायचा, कुठली तार कुठं जाते त्याचा. म्हणजे बनवणाऱ्यालाच वाटायचं की उद्या हा कुणीतरी उघडेल आणि नीट करेल. आता या मोठ्या कंपन्या सगळं गोंदानं चिकटवून टाकतात. स्क्रू असे लावतात की घरातला पेचकस चालूच नये. वस्तू तुमची, पण आत डोकावायचं नाही. एके काळी या टेबलावर ओळीनं टेपरेकॉर्डर उघडे पडलेले असत आणि सगळे एकदम सुरू केले की चार गाणी एकमेकांच्या अंगावर धावून जात. मास्तरीणबाई हसल्या. त्यांच्या घरचा टेपही इथे दोनदा मुक्कामाला होता, त्या म्हणाल्या.

राग कंपन्यांवर होता, पण सल निराळीच होती. रस्त्यापलीकडे अशाच एका कंपनीचं काचेचं सेवा केंद्र उघडलं आणि त्यात नोकरीला लागली ती त्यांचीच मुलगी, बारकी. सहा वर्षांची असल्यापासून ती बापाच्या मांडीला मांडी लावून बसायची, काढलेले स्क्रू बशीत क्रमानं मांडायची. मोठी झाली तसा तिचा हात बापापेक्षाही हलका झाला. तो हात घेऊन ही पोरगी तिकडे जाऊन बसली, जिथं वस्तू उघडायचीच नसते. तिनं कंपनीचा राखाडी शर्ट अंगात घातला त्या दिवसापासून रेडिओवाल्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. काही हवं-नको असलं तर ते बायकोमार्फत.

गंमत अशी की त्यानंतरच दुकानानं उचल खाल्ली. शटर कायमचं ओढायचं ठरवत आणलेल्या माणसाकडे रोज चार-पाच गिऱ्हाइकं येऊ लागली, सगळी समोरून निराश होऊन आलेली. जेवताना ते बायकोला हे रंगवून सांगत, पण आवाज असा लावत की आतल्या खोलीत बारकीला नीट ऐकू जावा. लोकांना शेवटी कळतं, कुठं वस्तू विकतात आणि कुठं जगवतात. आतून कधी उत्तर आलं नाही. असे आठ महिने गेले. दहा दिवसांपूर्वी बायकोनं सांगितलं की बारकीची नोकरी सुटली. उशिरा का होईना, अक्कल आली, असं म्हणून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. गिऱ्हाईकही त्याच दिवसापासून आटलं. पण या दोन गोष्टींची सांगड घालायचं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

नवी बॅटरी बसली. पडदा उजळला. मास्तरीणबाईंनी फोन हातात घेतला आणि सुटकेचा श्वास सोडला.

"ती वेणीवाली मुलगी असती ना, तर मला समोर तासभर ताटकळावं लागलं नसतं," त्या म्हणाल्या. "मागं बहिणीचा फोन घेऊन गेले होते, तर दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, नवा घेऊ नका, पलीकडे रेडिओवाले आहेत, ते उघडून बघतील. कितीतरी जणांना धाडलं तिनं असं. आज चौकशी केली, तर तिला काढून टाकलं म्हणे. वरच्यांना कळलं."

रेडिओवाल्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला. ती आपली मुलगी आहे, हे सांगायला त्यांना तोंड उघडवेना. मास्तरीणबाई आभार मानून निघून गेल्या.  रेडिओवाले भर दुपारी शटर ओढून घराकडे निघाले.

बारकी स्वयंपाकघरात फरशीवर बसून आईचा मिक्सर खोलत होती. दारात बापाची सावली पडली तरी तिनं मान वर केली नाही. सवयच नव्हती आता. रेडिओवाले गुडघ्यावर हात टेकत तिच्यासमोर खाली बसले.  

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

बारकीनं हातातला स्क्रू बशीत ठेवला.

"बाबा, तुम्ही सकाळी शीळ घालत दुकानाला निघायला लागला होतात," ती म्हणाली. "सांगितलं असतं, तर ती बंद पडली असती."