गाडी वाजली नाही

"आप्पा, जेवून घ्या ना." सुनेने ताट पुन्हा पुढे सरकवलं.

"थांब. शिऱ्याची फटफटी वाजली नाही अजून."

शिरीष समोरच बसला होता. आप्पांना आताशा चेहरे ओळखू येत नव्हते. फटफटीचा आवाज तेवढा ओळखीचा उरला होता. पण पेट्रोल परवडेना, म्हणून शिरीषने ती विकून बॅटरीवरची स्कूटर घेतली. ती दारात आलेली कुत्र्यालाही कळत नाही.

"आप्पा, मीच शिरीष."

"बसा हो तुम्ही. येईलच तो एवढ्यात."

शिरीष उठून अंगणात गेला. शेजारी बघत होते. खिडकीखाली उभं राहून तो तोंडानेच आवाज काढू लागला, "फट्‌फट्‌फट्‌फट्..."

आतून आप्पा खेकसले, "शिऱ्या, बंद कर आधी ती! पेट्रोल काय फुकट येतं?"